"बाई, हे बेरजेचं की वजाबाकीचं?" शाब्दिक उदाहरणं कशी शिकवावीत?

दुसरीचा_फळा विचारतात:

नमस्कार मंडळी. दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग आहे, 24 मुलं. आकडे मांडून दिले की हातच्याच्या बेरजा-वजाबाक्या बहुतेकांच्या बरोबर येतात. शाब्दिक उदाहरण दिलं की पुरतं वाचून व्हायच्या आतच हाक येते, "बाई, हे बेरजेचं की वजाबाकीचं?" 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, असा तक्ता भिंतीवर लावलेला आहे. सोप्या उदाहरणांना तो चालतो. पण ही दोन जवळजवळ सगळ्यांची चुकली:

(1) अमीनाकडे काही गोट्या होत्या. खेळात तिने आणखी 5 जिंकल्या. आता तिच्याकडे 13 आहेत. आधी किती होत्या? (मुलांचं उत्तर 18)

(2) रखमाकडे 12 बोरं आहेत. रखमाकडे सोनूपेक्षा 4 बोरं जास्त आहेत. सोनूकडे किती? (मुलांचं उत्तर 16)

रोज अर्धा तास देता येईल. सुरुवात कुठून करू?

गणकमाळ:

ताई, सुरुवात तो तक्ता उतरवण्यापासून करा. त्याच्यामुळे मुलं गोष्ट वाचायची सोडून शब्द हुडकायला लागतात. "फुलदाणीत एकूण 15 फुलं आहेत, 9 लाल आणि बाकीची पांढरी. पांढरी किती?" यात 'एकूण' आहे आणि करायची आहे वजाबाकी. तुमची दोन्ही उदाहरणं 'आणखी' आणि 'जास्त' या शब्दांनीच चुकवली आहेत.

ही सवय किती खोल जाते बघा. 1980 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे प्राथमिकच्या 97 मुलांना विचारलं होतं, "जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती?" त्यातल्या 76 मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दाखवलं. दोन आकडे दिसले की काहीतरी करायचंच, असं मुलं शाळेतच शिकतात.

म्हणून पहिले आठ-दहा दिवस आकडेच काढून टाका. "डब्यात लाडू होते. काही खाल्ले. आता आधीपेक्षा जास्त की कमी?" "अमीनाने गोट्या जिंकल्या. मग आधी तिच्याकडे आतापेक्षा जास्त होत्या की कमी?" या दुसऱ्या प्रश्नावर वर्ग क्षणभर गप्प होतो. त्या वेळी उत्तर सांगू नका, मूठभर चिंचोके देऊन करून बघू द्या.

मग आकडे घाला, पण 10 च्या आतले. तिसरीची मुलं तीन अंकी वजाबाकी करत असली तरी इथे लहानच आकडे हवेत. हातचा सांभाळण्यात लक्ष गेलं की गोष्ट डोक्यातून निसटते. गोष्ट पक्की झाली की 20 पर्यंत जा आणि हातचा सगळ्यात शेवटी आणा. आकडे मोठे करणं आणि गोष्टीची रचना बदलणं, ही दोन कामं एकाच दिवशी करू नका.

पाटीवर तीन घरं आखून घ्या: आधी, काय झालं, आता. अमीनाच्या उदाहरणात तिसऱ्या घरात 13, मधल्या घरात "5 आल्या" आणि पहिल्या घरात प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह शेवटच्या घरात असेल तर उदाहरण सोपं जातं, मधल्या घरात आलं की अवघड आणि पहिल्या घरात आलं की सगळ्यात अवघड. पाठ्यपुस्तकाशिवाय स्वतःची उदाहरणं घालताना आपल्या हातून शेवटच्या घराचीच जास्त घातली जातात, तेवढं बघा.

रखमा-सोनूला ही घरं चालत नाहीत, कारण तिथे काही घडतच नाही, फक्त तुलना आहे. तिथे चौकटीच्या वहीत दोन रांगा काढायच्या. पेन्सिल टेकवण्याआधी एकच प्रश्न: कोणाची रांग लांब? रखमाची. तिच्या 12 चौकटी रंगवायच्या आणि तिच्या बरोबर खाली, डावीकडची कड जुळवून, सोनूची रांग 4 चौकटी अलीकडे थांबवायची. कड जुळली नाही तर चित्र फसवतं, आणि मुलं नेमकी तिथेच घाई करतात.

अर्ध्या तासात दोनच उदाहरणं घ्या. उत्तर आलं की ते गोष्टीत परत ठेवून वाचायला लावा: "आधी 18 होत्या, 5 आणखी मिळाल्या, आता 13." मुलंच म्हणतात, असं कसं होईल!

विभक्तीवाला:

वरचं सगळं पटलं. माझ्या मते निम्म्या चुका मात्र मराठी वाचताना होतात.

"मीनाने राजूला 4 पेरू दिले" आणि "राजूला मीनाने 4 पेरू दिले" यांचा अर्थ एकच. पण लहान मूल पहिलं नाव उचलतं आणि देणारा तोच धरतं. आपल्या भाषेत कोण देतो हे शब्दांच्या जागेवरून कळत नाही, ने-ला-कडून यांवरून कळतं. दोन मुलांना पुढे उभं करा, हातात खडू द्या आणि वाक्य उलटसुलट म्हणा: "राजूला मीनाने दिले", "राजूने मीनाला दिले", "राजूने मीनाकडून घेतले". प्रत्येक वेळी खडू खरोखर इकडून तिकडे गेला पाहिजे. रोज पाच मिनिटं पुरतात.

'पेक्षा'चंही तसंच. तो ज्याला चिकटतो, त्याच्याशी तुलना. "5 पेक्षा जास्त", "5 ने जास्त" आणि "5 पट" या तिन्हींत 5 आहे, पण अर्थ तीन. हे तीन प्रयोग फळ्यावर एकाखाली एक लिहून तिन्हींची चित्रं काढून घ्या.

आणखी एक खड्डा म्हणजे 'मुले' हा शब्द. "वर्गात 32 मुले आहेत, त्यांपैकी 14 मुली" इथे मुले म्हणजे सगळे. "वर्गात 18 मुले आणि 14 मुली" इथे मुले म्हणजे मुलगे. उदाहरण तुम्ही लिहीत असाल तर सरळ 'विद्यार्थी' आणि 'मुलगे' लिहा. 'पैकी', 'प्रत्येकी', 'उर्वरित' हे शब्द घरी कानावर पडत नाहीत. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना तर नाहीच नाही. 'पैकी'च्या जागी आधी 'त्यातल्या' म्हणा, अर्थ कळला की पुस्तकातला शब्द द्या.

चूक_कुठे:

ताई, 16 उत्तर आलं म्हणजे प्रत्येकाची चूक एकच असेल असं नाही. ॲन न्यूमन या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने 1977 मध्ये पाच प्रश्नांची एक रीत मांडली, ती वर्गात फार कामाची आहे. चुकलेल्या मुलाला जवळ बसवून क्रमाने विचारायचं: मोठ्याने वाच. काय शोधायचंय? ते कसं शोधशील? करून दाखव. आता उत्तर लिही. पहिल्या ज्या प्रश्नाला मूल अडखळतं, तिथे काम करायचं. वाचतानाच अडखळलेल्या मुलाकडून वजाबाकीचा सराव करून घेण्यात वेळ वाया जातो.

तोंडी उदाहरणात सहावी शक्यता असते, आकडाच चुकीचा ऐकलेला. 'त्रेचाळीस'मध्ये तीन आधी ऐकू येतो म्हणून 34 लिहिलं जातं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतं म्हणून 39. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'चं 'वीस एक' असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. म्हणून तोंडी उदाहरण सांगताना आकडे फळ्यावर लिहा. आकडे ऐकण्याचा सराव वेगळा घ्या.

मांडणीचंही सांगतो. उभी मांडणी करताना प्रत्येक आकड्यासमोर तो कशाचा आहे ते लिहून घ्या: 13 आताच्या गोट्या, 5 जिंकलेल्या गोट्या, 8 आधीच्या गोट्या. नुसतं 'गोट्या' चालणार नाही. ज्याला हे लिहिता येत नाही, त्याला गोष्ट कळलेली नाही, हे तुम्हाला वही उघडताच दिसतं.

दुसरीचा_फळा:

सगळ्यांचे आभार. तक्ता उद्याच काढते. दोन शंका. तिसरीला 'प्रत्येकी' आलं की गुणाकार का भागाकार, हा गोंधळ आहे. आणि चित्रं काढायची कधी थांबवायची? काही जणी 12 बोरांना देठासकट पानं काढत बसतात!

गणकमाळ:

'प्रत्येकी'साठी तीन खोकी ठेवा: ताटल्या किती, एका ताटलीत किती, सगळे मिळून किती. दोन भरलेली असतात, एक रिकामं. तिसरं रिकामं असेल तर गुणाकार, पहिल्या दोनांतलं कुठलंही रिकामं असेल तर भागाकार. "12 लाडू 4 जणांना सारखे वाटले" आणि "12 लाडू प्रत्येकी 4 दिले" ही दोन्ही हाताने करून घ्या. पहिल्यात एकेक लाडू फिरवत वाटावा लागतो, दुसऱ्यात चार-चार उचलून द्यावे लागतात. भागाकार दोन्हीकडे 12 ÷ 4 च, उत्तरही 3 च. पण एकीकडे 3 लाडू आणि दुसरीकडे 3 माणसं. बाकी उरणारं उदाहरणही लवकर आणा: 30 मुलं, एका जीपमध्ये 8. "3 जीप, बाकी 6" लिहिणाऱ्याला विचारा, त्या 6 जणांना मागे ठेवायचं का?

पानंदेठांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी काढू द्या. पुढे बोराऐवजी ठिपका, मग चौकट. आकडे 20 च्या वर गेले की चौकटी मोजणं जड होतं आणि मुलं स्वतःच कंटाळतात. तेव्हा चौकटींऐवजी एक कोरी पट्टी काढायला शिकवा आणि आत फक्त आकडा लिहा, 45 ची पट्टी, तिच्याखाली 28 ची आखूड पट्टी आणि उरलेल्या तुकड्यात प्रश्नचिन्ह. पट्ट्या मापात नसल्या तरी चालतील, लांब कोणती ते मात्र बरोबर हवं. आणि चित्राशिवाय बरोबर मांडणाऱ्या मुलावर चित्राची सक्ती करू नका. त्याला 13 − 5 एवढंच द्या आणि म्हणा, यावर गोष्ट लिही, पण 'खाल्ले', 'दिले', 'हरवले' यांतला एकही शब्द नको.