मदत हवी आहे : विमान उतरल्यावर नेमके कशामुळे थांबते?

मुठाकाठ
माझ्या आठवीतल्या मुलीला उद्या सकाळी वर्गात या विषयावर बोलायचे आहे, त्यामुळे घाई आहे. परवा विमान उतरताना पंखावरचे पत्रे उभे राहिलेले तिने पाहिले आणि पाठोपाठ इंजिनांचा मोठा आवाज झाला. त्या वेळी इंजिने उलटी फिरतात, असे तिचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का, एवढेच सांगावे.

निळाई
विमान जेट होते की बाहेर पाती फिरणारे? पत्रे चाके टेकण्यापूर्वी उभे राहिले की नंतर? हवेतही वेग कमी करण्यासाठी ते थोडे उचलतात, म्हणून विचारते.

आभाळवाट
जेट इंजिन उलटे फिरत नाही. पुढचा मोठा पंखा जी हवा मागे ढकलतो तिची वाट अडवली जाते आणि ती तिरकी पुढच्या बाजूला सोडली जाते. यालाच रिव्हर्स थ्रस्ट म्हणतात. विमान थांबते ते यामुळेच, ब्रेक शेवटी नावापुरते लागतात.

जुना पान्हा
शेवटचे वाक्य मला मान्य नाही. मी अनेक वर्षे विमानांची चाके आणि ब्रेक यांवरच काम केले आहे. उतरलेल्या विमानाच्या चाकाजवळ गेले की कार्बनच्या चकत्यांची धग तोंडावर येते, ती नावापुरत्या कामाची नसते. कोरड्या धावपट्टीवर लागणारे अंतर प्रमाणित करताना रिव्हर्स थ्रस्ट हिशेबात धरतच नाहीत. एअरबस ए-३८० च्या चारपैकी आतल्या दोनच इंजिनांना ही सोय आहे.

पश्चिमवारा
मुलीने फ्लॅपबद्दलही बोलावे. ते पंखाच्या मागच्या कडेने बाहेर आले की कमी वेगातही विमान तरंगते, म्हणून मध्यम आकाराचे जेट ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने टेकू शकते.

मुठाकाठ
फ्लॅपचे मी विचारले नव्हते. विमान जेट होते, पत्रे चाके टेकल्यावरच उभे राहिले. मात्र वैमानिकाने विमान इतके जोरात टेकवले की मुलगी घाबरली. लोहगावला तेव्हा जोराचा पाऊस होता.

जुना पान्हा
पावसाचे आधी सांगायला हवे होते. ओल्या धावपट्टीवर अलगद टेकल्यास चाके पाण्याच्या थरावरून घसरू शकतात, म्हणून विमान ठामपणे टेकवतात. ती चूक नव्हे. चाके टेकली तरी पंख विमानाला उचलूनच धरत असतात. ते पत्रे, म्हणजे स्पॉयलर, उभे राहिले की ही उचल मोडते, सगळा भार चाकांवर येतो आणि मगच ब्रेकला पकड मिळते.

आभाळवाट
हे पटले. तरीही ओल्या धावपट्टीवर चाकांची पकड कमी असते, तेव्हा रिव्हर्स थ्रस्टचा वाटा वाढतो, विशेषतः सुरुवातीच्या मोठ्या वेगात. मुलीने ऐकलेला आवाज त्याचाच होता.

मुठाकाठ
आभारी आहे. तिने चित्रातला इंजिनाभोवतीचा उलटा बाण खोडला आहे आणि चाकांवरच्या भाराचा बाण केवढा काढावा, असे विचारते आहे.

जुना पान्हा
दोन चित्रे काढू द्या. टेकतानाच्या चित्रात लहान बाण, पत्रे उभे राहिल्यावरच्या चित्रात मोठा.