मदत हवी आहे: जुनी चिनी खुर्ची, खरी की बनावट? अर्जंट

पुणेरी_परदेशी: हाँगकाँगला हॉलिवूड रोडवर एक खुर्ची बघून ठेवलीय, दुकानदार म्हणतो मिंग काळातली, हुआंगहुआली लाकूड. एकही खिळा नाही आणि जड आहे, म्हणजे जुनीच ना? नवरा नको म्हणतोय. परवा आमच्या सामानाचा कंटेनर पुण्याला निघतोय, लवकर सांगा प्लीज.

रंधा: अहो ताई, कुठली खुर्ची? पाठ आणि हात एकाच गोल वळणात की टोकं बाहेर आलेली, 'अधिकाऱ्याची टोपी' म्हणतात तशी? फोटो टाका. खिळा नसणं हा काही पुरावा नाही, तसले सांधे तिकडे आजही करतात.

पुणेरी_परदेशी: गोल. फोटो अपलोड होत नाहीये. बैठक वेताची.

कोकणस्थ_कस्टम: चिनी लोकांचं झितान म्हणजे आपलं आंध्रातलं रक्तचंदन बरं का, न्हावाशेवाला किती वेळा पकडलंय! सोडणार नाहीत तुम्हाला.

रंधा: त्यांनी झितान म्हटलंय का? हुआंगहुआली हैनान बेटावरचं, आपल्या शिसवीच्या जातीतलं.

कोकणस्थ_कस्टम: मग तर झालंच, शिसवीची अख्खी जात २०१७ पासून साइट्सच्या (CITES, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. कागद मागा आधी.

आजीचा_झोपाळा: आमच्याकडे शिसवी पलंगाला दर दिवाळीत खोबरेल लावायचो, अजून चकचकीत आहे!!

रंधा: खोबरेल नका लावू हो कुणी. ताई, खुर्ची उलटी करून बघा. खरी वेताची बैठक असेल तर खालचे आडवे दांडे खाली वाकवलेले असतात, माणूस बसल्यावर वेत झोल खातो ना म्हणून. मागचा पाय बैठकीतून आरपार वर गेलाय का तेही बघा, चांगल्या खुर्चीत तो एकसंध असतो. गोल कठडा तीन किंवा पाच तुकड्यांचा असतो, सांधे बोटांनी चाचपा. पाय खालून कापलेले असले तर घाबरू नका, ओल्या फरशीवर कुजले की कापायचे.

डिझाइनवाला: त्यापेक्षा डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरची विशबोन खुर्ची घ्या, १९४९ची, या चिनी खुर्च्या बघूनच सुचलेली. पाठीला आराम.

पुणेरी_परदेशी: मी ते विचारलंय का? आणि दुकानदार उलटी करू देत नाही, म्हणतो नाजूक आहे.

रंधा: जड म्हणालात, आता नाजूक?

आजीचा_झोपाळा: किंमत काय सांगतोय ते राहिलंच की.