मदत हवी आहे: ‘रॉ पॉवर’ची नेमकी कोणती आवृत्ती घ्यावी? (शुक्रवारच्या आत उत्तर हवे)

नोवीकर
नमस्कार मंडळी. थोरल्या भावाच्या पन्नाशीनिमित्त मी त्याला ‘इगी अँड द स्टूजेस’चा ‘रॉ पॉवर’ हा अल्बम पाठवला होता. हॉस्टेलमध्ये तो हाच अल्बम रात्रंदिवस ऐकत असे आणि मी स्वतः मिशिगनमध्ये, म्हणजे हा बँड जिथे जन्माला आला त्या अ‍ॅन आर्बरपासून अर्ध्या तासावर राहतो, म्हणून मोठ्या हौसेने तिथल्याच एका दुकानातून तो विकत घेतला. भावाने एकदाच ऐकला आणि नाशिकहून फोन करून म्हणाला, ‘गाणी तीच आहेत, पण हा तो अल्बम नव्हे.’ माझ्या ओळखीचे एक गृहस्थ शुक्रवारी मुंबईला निघत आहेत आणि त्यांच्याबरोबर योग्य ती प्रत पाठवायची आहे. कोणती घेऊ, एवढेच सांगावे.

मध्यमसप्तक
आपण सीडी पाठवली की तबकडी, तिच्या मागच्या बाजूला कोणते साल छापले आहे आणि बंधूंनी हा अल्बम हॉस्टेलमध्ये कोणत्या वर्षी, कशावर ऐकला होता, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणालाही खात्रीने काही सांगता येणार नाही. या अल्बमची गाणी आठच आहेत, परंतु त्यांची मिक्स मात्र एकाहून अधिक आहेत आणि त्यांवरून गेली कित्येक वर्षे वाद चालू आहेत.

निमाताई_ठाणे
जुन्या हिंदी गाण्यांवर आधुनिक ठेका चढवून जी रिमिक्स काढली, त्यांनी मूळ चालींचे किती नुकसान केले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भावाचे म्हणणे योग्यच आहे. मूळ गाणे ते मूळ गाणे.

मध्यमसप्तक
निमाताई, येथे मिक्स म्हणजे ठेका चढवणे नव्हे. गायकाचा आवाज, गिटार, बेस आणि ड्रम वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित झाल्यावर त्यांतील कोणाला पुढे आणायचे आणि कोणाला मागे ठेवायचे हे ठरवून जो अंतिम आवाज तयार करतात, त्याला मिक्स म्हणतात. वाजवणारे तेच, वाजवलेलेही तेच, तरीही मिक्स बदलले की ऐकणाऱ्याला अल्बमच वेगळा वाटू शकतो.

सुईवाला
माझा पंचवीस वर्षांचा अनुभव असा आहे की सीडीवर हे संगीत ऐकण्यात काहीच अर्थ नाही. बंधूंना तबकडीच द्यावी आणि त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई शेवटची कधी बदलली हे आधी विचारून घ्यावे. माझ्याकडे सुई बदलल्यावर झांजांचा आवाज इतका स्वच्छ झाला की शेजारच्या काकांनी नवीन स्पीकर घेतले का म्हणून विचारले.

ध्वनीवेडा
मूळ घोटाळा समजून घ्या, म्हणजे निवड सोपी होईल. हा अल्बम १९७२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सीबीएस स्टुडिओत मुद्रित झाला. निर्मिती बँडचे गायक इगी पॉप यांची होती आणि पहिले मिक्सही त्यांनीच केले, ज्यात बहुतेक वाद्ये एका बाजूच्या स्पीकरमध्ये आणि गाणे दुसऱ्या बाजूला, असा प्रकार होता. त्यांचे काम पाहणाऱ्या ‘मेनमॅन’ कंपनीला ते पसंत पडले नाही, आणि कंपनीच्या आग्रहाखातर इंग्लिश गायक डेव्हिड बोवी यांनी लॉस एंजेलिसमध्ये घाईघाईने नवे मिक्स केले. तेच १९७३ च्या फेब्रुवारीत कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणले. बोवी यांनी बेस आणि ड्रमचा जीवच काढून घेतला. ‘सर्च अँड डिस्ट्रॉय’मधील गिटार ऐका, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी कर्कश वाटते. पुढे १९९७ मध्ये इगी पॉप यांनी स्वतः नव्याने मिक्स केले, तेव्हा कुठे या बँडची खरी ताकद ऐकू आली. बंधूंना १९९७ ची प्रत द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मध्यमसप्तक
ध्वनीवेडा, आपण बोवींवर आरोप ठेवण्यासाठी नेमके चुकीचे गाणे निवडले आहे. आठ गाण्यांपैकी ‘सर्च अँड डिस्ट्रॉय’ या एकाच गाण्याचे आपले स्वतःचे मिक्स कायम ठेवावे असा आग्रह इगी पॉप यांनी धरला होता, त्यामुळे १९७३ च्या तबकडीवर तो खिळा पत्र्यावर ओढणारे बोवी नव्हेत. बोवींचे काम ऐकायचे तर ‘गिम्मी डेंजर’ ऐकावे. त्यातील गिटारला त्यांनी ‘कूपर टाइम क्यूब’ नावाच्या यंत्रातून प्रतिध्वनी दिला. या पेटीच्या आत बागेला पाणी घालण्याच्या नळीसारख्या लांब नळ्यांची वेटोळी असतात, ध्वनी त्यांतून फिरून सेकंदाचा एक अगदी लहान अंश उशिरा बाहेर पडतो आणि गिटार एकाच वेळी जवळ आणि लांब असल्यासारखी भासते. स्वतः इगी पॉप यांनीही पुढे त्या परिणामाची स्तुती केली आहे.

शिवाय बोवींच्या हाती काय आले होते याचाही विचार व्हावा. त्यांच्या सांगण्यानुसार चोवीसपैकी तीनच ट्रॅक वापरलेले होते, म्हणजे एकावर सगळा बँड, दुसऱ्यावर लीड गिटार आणि तिसऱ्यावर गाणे. असे असेल तर ड्रम वेगळा उचलून वर आणायचा तरी कसा?

ध्वनीवेडा
बोवींचे हे म्हणणे मलाही ठाऊक आहे, परंतु १९९७ च्या मिक्समध्ये बेस आणि ड्रम इतके भक्कम ऐकू येतात की सगळा बँड एकाच ट्रॅकवर अडकला होता यावर माझ्या कानांचा विश्वास बसत नाही. आणि अल्बम ज्याच्या नावावर आहे, त्याला आपल्या कामाचा आवाज ठरवण्याचा अधिकार असू नये काय?

मध्यमसप्तक
अधिकार अवश्य असावा, पण त्याच बँडच्या रॉन अ‍ॅशटन यांनी १९९७ च्या मिक्सवर उघड नाराजी व्यक्त केली होती. जेम्स विल्यमसन यांच्या गिटारचा सगळा गुळगुळीतपणा काढून टाकला आणि इगींनी कधीकाळी काढलेला प्रत्येक हुंकार परत आणून बसवला, अशा आशयाची त्यांची तक्रार होती. ज्यांनी अल्बमवर बेस वाजवला, त्यांच्या कानांनाही काही मान द्यायला हवा.

नोवीकर
मी इतिहास विचारला नव्हता, प्रत विचारली होती, आणि आज बुधवार आहे. तरीही सांगतो. पाठवली ती सीडी होती, मुखपृष्ठावर उघड्या अंगाने माइकला धरून उभा असलेला इगी आहे. साल मी पाहिले नाही आणि सीडी आता नाशिकला आहे. भाऊ १९९१ ते १९९५ हॉस्टेलवर होता आणि खोलीतल्या मित्राने तबकडीवरून भरून आणलेली कॅसेट ऐकत असे.

मध्यमसप्तक
हे पहिल्याच संदेशात लिहिले असते तर निम्मा धागा वाचला असता. मुखपृष्ठावरून काही कळणार नाही, कारण मिक रॉक यांनी काढलेले ते छायाचित्र दोन्ही आवृत्त्यांवर आहे. मात्र १९९५ पर्यंत कोणी तबकडीवरून कॅसेट भरली असेल, तर तिच्यावर १९७३ चेच मिक्स असणार, कारण १९९७ चे तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

अटकेपार
एक बारीक दुरुस्ती करतो. इगी पॉप यांची १९७२ ची सुरुवातीची मिक्स १९९५ मध्येच ‘रफ पॉवर’ या नावाने ‘बॉम्प’ या रेकॉर्ड कंपनीने काढली होती, त्यामुळे ‘अस्तित्वातच नव्हते’ हे विधान तपासून घ्यावे.

मध्यमसप्तक
ते वेगळे संकलन आहे, आणि ते त्याच वर्षी हॉस्टेलच्या खोलीत पोहोचून त्याची कॅसेट भरली गेली असेल, हे मला तरी पटत नाही.

अभियंता_सांगली
नवीन काही विकत घेण्याची गरजच नाही. आहे त्या सीडीची गाणी संगणकावर घेऊन इक्वलायझरने बेस थोडा उतरवावा, वरच्या पट्ट्या थोड्या चढवाव्यात, म्हणजे झाले. मी वडिलांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटींवर हा प्रयोग यशस्वीपणे केला आहे.

ध्वनीवेडा
येथे मी माझ्याच बाजूच्या विरोधात बोलतो. सीडी १९९७ ची असेल, तर हा उपाय चालणार नाही. तिची सरासरी पातळी कमाल मर्यादेपासून जेमतेम चार डेसिबल खाली असल्याची नोंद आहे आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या रॉक सीडींमध्ये तिचे नाव घेतात. मी त्यातील एक गाणे संगणकावर उघडून पाहिले, तेव्हा एरवी डोंगररांगांसारखी दिसणारी ध्वनिरेषा वरून-खालून रंधा मारलेल्या फळीसारखी सपाट दिसली. जे टोक रंध्याने उडवले, ते इक्वलायझरने परत येत नाही.

नोवीकर
भावाने आत्ताच मागच्या बाजूचा फोटो पाठवला. तळाशी बारीक अक्षरांत १९९७ लिहिले आहे. त्याला ‘गिम्मी डेंजर’मधल्या गिटारबद्दल विचारले, तर म्हणाला, ‘हो, ती विहिरीतून आल्यासारखी वाजायची, इथे ती अगदी तोंडासमोर आहे.’ म्हणजे त्याला बोवींचे मिक्स हवे आहे. आता ते सीडीवर कशात मिळेल?

मध्यमसप्तक
२०१० ची दोन सीडींची ‘लेगसी एडिशन’ घ्यावी. पहिल्या सीडीवर बोवींचेच मिक्स नव्याने मास्टर करून, म्हणजे मिक्स तेच ठेवून आवाजाची शेवटची सफाई करून दिले आहे आणि दुसरीवर १९७३ च्या ऑक्टोबरमधील अटलांटाच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आहे. विकत घेताना मात्र मागील बाजूचे साल या वेळी दुकानातच वाचून घ्यावे.

अटकेपार
एक शक्यता राहून गेली आहे. हॉस्टेलातले कॅसेट प्लेअर ठरलेल्या वेगाने क्वचितच फिरत असत आणि एका यंत्रावर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर वाजवली की सूरही किंचित चढत किंवा उतरत असे. बंधूंच्या कानात जो अल्बम बसला आहे तो कदाचित पाव सूर खाली असेल, आणि तो कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

नोवीकर
कृपया हे त्याला कोणी कळवू नये. २०१० ची प्रत घेतली, दुकानात उभे राहूनच साल वाचले. सगळ्यांचे आभार.

सुईवाला
रेकॉर्ड प्लेअरच्या सुईबद्दल आपण अद्याप काहीच सांगितले नाही.