बार्टन हॉल, ८ मे १९७७ : 'दोन कॉर्डांचं पाल्हाळ' म्हणणाऱ्यांना उत्तर

मंद्रसप्तक

परवा जुना_कोथरूडकर यांनी अमेरिकन रॉक बँड ग्रेटफुल डेडच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या बार्टन हॉलच्या मैफलीबद्दल लिहिलं, "कॉर्नेलचं ते गाजलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. संध्याकाळ फुकट गेली. गाणं कुठे थांबवायचं हे न कळलेल्या लोकांचं पाल्हाळ. पंधरा मिनिटं दोन कॉर्ड!" वाचून सोडून देणार होतो, पण खाली इतक्या लोकांनी माना डोलावल्यात की राहवलं नाही.

दोन कॉर्ड आहेत, मान्य. 'फायर ऑन द माउंटन' बी आणि ए यांवरच फिरतं. पण तुम्ही ऐकलंत काय? गार्सियाची गिटार आणि गाण्याचे शब्द, एवढंच ना? आता हेडफोन लावून दुसऱ्या भागातलं 'स्कार्लेट बेगोनियाज' ऐका आणि फक्त फिल लेशचा बेस धरा. शब्द संपतात, गायिका डोना जीनचे स्वर ओसरतात, दोन्ही ड्रमर एका चालीवर स्थिरावतात. मग लेश खालून 'फायर'ची चाल आणू लागतो. गार्सिया लगेच त्याच्या मागे जात नाही, वर 'स्कार्लेट'मध्येच रेंगाळतो. काही काळ दोन्ही गाणी एकाच वेळी चालू असतात. नेमकं कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं, ते बोट ठेवून दाखवा. मला अजून दाखवता आलेलं नाही आणि म्हणूनच मी ते पुन्हा पुन्हा ऐकतो.

आणि हे आपोआप घडलेलं नाही. त्या वर्षाच्या सुरुवातीला 'टेरापिन स्टेशन'च्या ध्वनिमुद्रणात निर्माता कीथ ओल्सेनने त्यांच्याकडून कसून तालीम करून घेतली होती. त्या वसंतातला बांधेसूदपणा तिथून आलाय. 'थांबायचं कळत नाही' हा आरोप निदान या दौऱ्यावर तरी करू नका.

जुना_कोथरूडकर

एकेक वाद्य सोलून काढल्याशिवाय संगीत कळत नसेल तर दोष श्रोत्याचा कसा?

मी लांबीला घाबरणारा माणूस नाही. रात्ररात्र मैफली ऐकलेल्या आहेत. ख्याल तासभर चालतो, पण त्यात बढत असते. गवई मंद्रात बसतो, मध्य सप्तकात येतो, तार षड्जासाठी तुम्हाला ताटकळत ठेवतो. तुमचा गार्सिया दुसऱ्या मिनिटाला जिथे असतो तिथेच बाराव्या मिनिटाला असतो. शिवाय डोनाबाईंचा सूर. त्यावर कोणी बोलत नाही, कारण पंथात राहायचं असतं. आमच्याकडे बेसूर गायलं तर पहिल्या रांगेतले उठून जातात.

मधुवंती_जर्सी

काका, ज्या चालीला नावं ठेवताय ती तबल्याच्या संगतीत वाढलेली आहे. डेडचा ड्रमर मिकी हार्टने कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजमधल्या तबल्याच्या विद्यार्थ्यांबरोबर दिगा ऱ्हिदम बँडची तबकडी काढली, १९७६ साली. त्यात आपले माहीमचे झाकीरभाई होते. गार्सियाही त्यातल्या 'हॅपिनेस इज ड्रमिंग'मध्ये वाजवून गेला. त्या रचनेचीच चाल पुढे 'फायर ऑन द माउंटन' झाली. त्या दोन कॉर्डांकडे हार्मनी म्हणून पाहू नका. तो लेहरा समजा, तबल्याखाली सतत फिरणारी तीच एक सुरावट. लेहरा बदलत नाही म्हणून तबलजीला कोणी 'पाल्हाळ' म्हणतं का?

आणि बढत हवी तर 'मॉर्निंग ड्यू' ऐका. शेवटच्या सोलोत गार्सिया इतका हळू सुरू करतो की प्रेक्षकांतली कुजबुज ऐकू येईल असं वाटतं. मग एकेक पायरी चढत शेवटी तारांवर हात नुसता थरथरत फिरतो. तो तार षड्ज नाही तर काय आहे?

डोनाच्या सुराबद्दल मी भांडणार नाही. 'डान्सिंग इन द स्ट्रीट'मध्ये मलाही ते खटकतं.

बफेलोवाला

दोन्ही बाजू चुकीच्या रात्रीवर भांडताहेत. दुसऱ्याच दिवशीचं, ९ मेचं बफेलो ऐका. 'हेल्प ऑन द वे'पासून 'फ्रँकलिन्स टॉवर'पर्यंतची सुरुवात ऐकून मग बोला.

कॉर्नेलची कीर्ती ही टेपची कीर्ती आहे. डेडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सनने ते मुद्रण इतकं सुरेख केलं, की जो ऐकेल तो म्हणणार हीच सर्वोत्तम मैफल. १९८६ मध्ये गोदामाचं भाडं थकलं आणि तिच्या टेपा लिलावात गेल्या. तिथून त्या लोकांच्या हाती आल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत नाव लागलं, २०१७ मध्ये अधिकृत प्रकाशन झालं. खराब टेपवरच्या याहून मोठ्या रात्री कोणी विचारत नाही.

आणि दोन ड्रमर! हार्ट नसतानाची १९७२ ची ओरेगॉनमधल्या व्हेनेटाची मैफल ऐका. एकटा क्रॉइट्झमन कुठल्याही क्षणी वळू शकतो. दोघं आले की वळायला रस्ता रुंद लागतो.

स्पूलवाले_जोशी

टेपांचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या.

या मंडळींनी १९८४ मध्ये प्रेक्षकांतून रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी साउंडबोर्डच्या, म्हणजे ध्वनिमिश्रणाच्या टेबलाच्या, मागे चक्क वेगळी जागा दिली. अट एकच, देवाणघेवाण करा, विकू नका. म्हणून कुठल्या रात्री कुठलं गाणं कितव्या क्रमांकावर होतं हे आज शाळकरी पोर सांगू शकतं. आणि आपल्याकडे? माझ्या वडिलांनी गिरगावातल्या गणेशोत्सवातल्या मैफली स्पूलवर घेतल्या होत्या. एक संग्राहक 'कॉपी करून आणतो' म्हणून घेऊन गेले. ना स्पूल परत, ना कॉपी. पुढे कळलं, ते निवडक पाहुण्यांना घरी बोलावून चहाबरोबर पाचपाच मिनिटं ऐकवतात. वडील ते गाणं पुन्हा न ऐकता गेले. उरलेल्या स्पूलांना मुंबईच्या हवेत बुरशी धरली.

कोथरूडकर, तुमच्या त्या रात्ररात्रीच्या मैफली कुठे आहेत आज? कोणाच्या कपाटात?

बैठकवाली

जोशी, वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण मी छोट्या बैठकी भरवते आणि रेकॉर्डिंगला ठाम नाही म्हणते. का ते ऐका.

आमच्याकडे एक गायिका आजारातून उठून गायली. एका सुरावर आवाज फुटला. कोणीतरी मोबाइलवर घेतलेला तेवढाच तुकडा सगळीकडे फिरला. त्यानंतर ती अवघड राग बैठकीत मांडायचं टाळते, तेच तेच सुरक्षित गाते. तुमच्या डेडला हजारोंची तिकीटविक्री होती. टेपा वाटल्या तरी पुढच्या दौऱ्याला गर्दी वाढायची. आमच्या कलाकाराला एका बैठकीचं जे मिळतं त्यात तंबोरेवाल्याचं भागवून काय उरतं? परवानगी द्यायची तर कलाकाराने द्यायची, श्रोत्याने गृहीत धरायची नाही.

स्पूलवाले_जोशी

परवानगी मागून तरी कोणी देतं का? आयोजकच आधी पाटी लावतात, कलाकाराला कोण विचारतं! तुमच्यासारख्यांमुळेच अर्धं शतक हवेत विरलं.

बैठकवाली

'तुमच्यासारख्यांमुळे'? माझ्या बैठकीची सतरंजी मी स्वतः घालते, खुर्च्या मी उचलते. तुमचे स्पूल मी नाही पळवले. राग त्या माणसावर काढा.

मधुवंती_जर्सी

दोघांनीही जरा दमानं घ्या. डेडनेही सगळं मोकळं सोडलं नव्हतं. २००५ मध्ये साउंडबोर्डवरून थेट घेतलेल्या मुद्रणांची डाउनलोड बंद केली तेव्हा त्यांचेच चाहते खवळले होते. मग प्रेक्षकांतून घेतलेली तेवढी पुन्हा मोकळी केली.

जुना_कोथरूडकर

विषय कुठल्या कुठे नेलात. जोशी, माझ्याकडे काही कॅसेट आहेत, माझ्या मी घेतलेल्या. त्याबद्दल निरोपात बोलू, इथे नको.

'मॉर्निंग ड्यू' ऐकलं. शेवटी बढत आहे, एवढं लिहून देतो. पण एका गाण्यात आहे म्हणून सगळी मैफल तरत नाही. 'फायर'ला लेहरा म्हणणं मला पटलेलं नाही. लेहऱ्यावर तबलजी कायदा मांडतो, त्याचे पलटे करतो, तिहाई घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. गार्सियाची सम कुठे आहे?

मंद्रसप्तक

सम त्याच्याकडे नाहीच, लेशकडे शोधा. गार्सिया वाक्य लांबवत राहतो आणि ते कुठे टेकणार हे बेस ठरवतो. कधी अपेक्षेच्या आधी, कधी ओलांडून. मुद्दाम मूळ स्वर टाळून तिसऱ्या-पाचव्यावर उतरतो, म्हणून तुम्हाला 'पोचलो' असं वाटतच नाही. ती उणीव नाही, वाजवण्याची रीत आहे. बफेलो ऐकलंत तरी हेच दिसेल. बफेलोवाल्यांनी तिथला 'स्लिपनॉट' काढून द्यावा, त्यात दोन कॉर्डांची तक्रार करायला जागा नाही. मग कोथरूडकरांनी सांगावं.

जुना_कोथरूडकर

पाठवा. पण दोन ड्रमरवाला मुद्दा बफेलोवाल्यांचा बरोबर आहे, तो मी सोडणार नाही.