बारावीनंतर नर्सिंग का एक्स-रे टेक्निशियन? घरात दोन पार्ट्या झाल्यात

वॉर्डवाली:
धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली. नीटमधून काही लागणार नाही हे सगळ्यांनी मान्य केलंय. आता काका म्हणतात एक्स-रेचा कोर्स कर, एसीत बसायचं, बटण दाबायचं, नाइट नाही, कुणाचं बेडपॅन उचलायला नको. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून ९ वर्षं वॉर्डात आहे आणि मला हे अजिबात पटत नाही. प्रत्येक वॉर्डाला तीन शिफ्टला सिस्टर लागतात, एक्स-रे रूमचं दोन-चार माणसांत भागतं, मग जागा कुठे जास्त निघणार? शिवाय नर्स गावच्या आरोग्य केंद्रापासून (पीएचसी) आयसीयूपर्यंत कुठेही लागते. माझं मत नर्सिंग. तुम्ही बोला.

काळी_फिल्म:
ताई, मत ठेवा पण बटण दाबायचं काम हे काकांचं वाक्य खोडून टाका आधी. मी ११ वर्षं हेच करतोय. रात्री दोनला ॲक्सिडेंटचा पेशंट येतो, मांडी मोडलेली, किंचाळतोय, दारू प्यायलेला, त्याला न हलवता लॅटरल व्ह्यू, म्हणजे बाजूने एक्स-रे, काढून दाखवा. आयसीयूत पोर्टेबल एक्स-रे मशीन घेऊन आम्हीच जातो. आणि नाइट नाही हे कुणी सांगितलं, जिथे कॅज्युअल्टी २४ तास चालू तिथे आमचीपण नाइट असतेच. पण एक फरक आहे, माझा पेशंट दहा मिनिटांत बाहेर जातो. तुम्ही एकाच माणसाला महिनाभर बघता आणि एक दिवस तो बेड रिकामा दिसतो, ते सगळ्यांना झेपत नाही. ज्याला नाही झेपत त्याने आमच्याकडे यावं, त्यात कमीपणा काय आहे?

लेकीची_आई:
रेडिएशनचं काय पण? आमच्याकडे म्हणतात त्या लाईनीतल्या मुलींना पुढे मूल व्हायला त्रास होतो, स्थळं पण नाही म्हणतात.

काळी_फिल्म:
काकू, ही भीती इतकी पसरलीय की चांगल्या मुली ही लाईन सोडतात, म्हणून सविस्तर लिहितो. आम्हाला टीएलडी बॅज असतो, अंगावर लावायचा, रेडिएशन मोजणारा, दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि कुणाला किती डोस लागला त्याची नोंद राहते. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे, ५ वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीच्या एका एक्स-रेला खुद्द पेशंटलाच साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट मिळतो, आम्ही तर शिशाच्या आडोशामागे असतो. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो. दिवस राहिले की कळवायचं, मग काम बदलून देतात. एमआरआयला तर हे रेडिएशनच नाही. धोका कुठे आहे तर जिथे मालक शिशाचा ॲप्रन देत नाही, बॅज ड्रॉवरमध्ये पडून असतो तिथे. मी अशी एक जागा सोडलीय.

वॉर्डवाली:
हे मान्य, रेडिएशनचा बाऊ मीपण करत नाही. आणि धोका आम्हालाही आहेच की, सुई टोचते, टीबीचा पेशंट तोंडावर खोकतो, त्यावर स्थळवाले कधी बोलत नाहीत. पण बाहेरच्या देशाचं बोला. माझ्या बॅचच्या तिघी गेल्या, एक आखातात, दोघी जर्मनीत, जर्मन भाषा बी२ लेव्हलपर्यंत शिकायला वर्ष गेलं पण गेल्या.

परदेशी_पाहुणा:
मी इंग्लंडमध्ये रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे काढणारा, आहे. येतात की एक्स-रेवालेही, इथे नर्सला एनएमसी या संस्थेचं तसं आम्हाला एचसीपीसी या संस्थेचं रजिस्ट्रेशन लागतं. मात्र डिग्री लागते, सहा महिन्यांचं सर्टिफिकेट इथे कुणी बघत नाही. तिकडे गल्लीबोळात जे छोटे कोर्स निघालेत त्यात पोरगी अडकवू नका प्लीज. आणि सोनोग्राफी शिकीन म्हणत असेल तर भारतात गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे, मशीनवर डॉक्टरच लागतो. इथे सोनोग्राफर हे वेगळं करिअर आहे, तिकडे ती वाट टेक्निशियनला बंद.

ब्रदर_लातूर:
मुलगा असता तर मी सरळ एक्स-रे म्हणालो असतो. एम्सच्या नर्सिंग भरतीत ८० टक्के जागा महिलांना, २० पुरुषांना, आम्ही त्या वीसात मारामारी करतोय. पण ताई तुमची बहीण आहे, तिला तो ८० चा फायदा आहे, तो का सोडायचा? बीएस्सी नर्सिंगला घाला, ४ वर्षं जातील पण पुढे शिकवायला पण जाता येतं.

काळी_फिल्म:
सगळे बोलले, पोरगी काय म्हणते? तिला माणसाशी बोलत बसायला आवडतं का एखादी गोष्ट नीट जमेपर्यंत तिच्यामागे लागायला आवडतं? आमच्यात जरा वाकडी पोझिशन झाली की फ्रॅक्चर दिसत नाही, ज्याला त्याची चुटपुट लागते तो इथे टिकतो.

वॉर्डवाली:
खरं सांगू, तिला हे कुणी विचारलंच नाही, मी पण नाही. आत्ता विचारलं तर म्हणाली रक्त बघून चक्कर येत नाही पण आजोबा गेले तेव्हा आठवडाभर जेवले नव्हते ते आठवतंय का. मी गप्प बसले. तरी माझं मत नर्सिंगच आहे, रडणारी सिस्टर वाईट नसते, मीपण रडलेय. पण सोमवारी तिला घेऊन जाते, आधी माझ्या वॉर्डात सकाळची शिफ्ट, मग खाली एक्स-रेच्या दादांना विचारून त्यांच्याकडे दुपारपर्यंत बसवते. काकांनाही नेणार आहे.