शब्द नसलेलं सर्फ गिटार: आणखी काय ऐकू?

धागाकर्ती:
नमस्कार. मी रात्री भाषांतराचं काम करते. गाण्यात शब्द आले की हातातलं वाक्य निसटतं, म्हणून नुसतं वाद्यसंगीत लावते. परवा शँटेज या अमेरिकन बँडचं, १९६३ मध्ये गाजलेलं 'पाइपलाइन' ऐकलं. याला 'सर्फ' म्हणतात, म्हणजे साठच्या दशकात कॅलिफोर्नियात, समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांच्या भोवती निघालेलं गिटारसंगीत. सुरुवातीलाच खर्जात घरंगळत उतरणारी ती गिटार! लागोपाठ पाच वेळा लावलं. पेटी वाजवते, त्यामुळे सूर कळतात. गिटारमधलं काही कळत नाही. हा सगळा प्रकार असाच असतो का?

प्रतिसाद १:
अजिबात नाही. पेटी वाजवता ना? मग अमेरिकन गिटारवादक डिक डेलचं १९६२ चं 'मिसरलू' लावा आणि पहिल्या भागाला भैरवचे सूर लावून बघा. कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, शुद्ध नी, सगळे सापडतील. चाल पूर्व भूमध्य समुद्राकाठची, जुनी. डेलचे वडील लेबनीज वंशाचे, त्यामुळे ते सूर त्याच्या घरातलेच. ही सुरावट तो एकाच जाड तारेवर, पिक (तार छेडायची छोटी चकती) वर-खाली अखंड चालवत वाजवतो. कॅलिफोर्नियात बाल्बोआच्या हॉलमध्ये तो नाचणाऱ्या तरुणांच्या गर्दीपुढे वाजवायचा. तिथे गिटार पुरी पडावी म्हणून गिटार आणि अँप्लिफायर बनवणाऱ्या लिओ फेंडरने जास्त ताकदीचे अँप्लिफायर बनवले.

दुसरी गोष्ट रिव्हर्बची, म्हणजे आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याची. त्याच्या डब्यात स्प्रिंगा असतात, गिटारचा आवाज त्यांतून थरथरत बाहेर येतो. तार तळव्याने दाबून छेडली की भरलेल्या पिंपात थेंब पडावा तसा 'टप्' ऐकू येतो. सर्फवाले याला ओला आवाज म्हणतात. रिव्हर्ब नाही तर सर्फ नाही, असं बरेच जण सांगतील. मला ते पटत नाही. डेलचं १९६१ चं 'लेट्स गो ट्रिपिन' कोरडंच आहे, आणि सर्फची सुरुवात तिथूनच धरतात.

प्रतिसाद २:
अमेरिकेच्या व्हेंचर्स बँडचं 'वॉक, डोन्ट रन' आणि इंग्लंडच्या शॅडोजचं 'अपाची' घ्याच. दोन्ही १९६० ची, म्हणजे सर्फच्या आधीची, पण पुढच्या पोरांनी हात बसवला तो यांच्यावर. कामाला शॅडोजचं 'वंडरफुल लँड' उत्तम. 'वाइप आउट' ही गाजलेली सर्फ धून मात्र काम करताना नको, ड्रम लक्ष खेचून घेतात.

धागाकर्ती:
'मिसरलू' आत्ताच पेटीवर काढलं. कोमल रेवरून शुद्ध गवर झेप घेताना अंगावर काटा आला! सकाळच्या रियाजाचे सूर, आणि लय केवढी ती. 'वंडरफुल लँड'वर दोन पानं झाली. अमेरिका-इंग्लंडच्या बाहेरचं काही आहे का?

प्रतिसाद ३:
भरपूर. जपानमध्ये व्हेंचर्समुळे इलेक्ट्रिक गिटारचं वेड लागलं, त्याला तिकडे 'एलेकी' म्हणतात. त्यातला ताकेशी तेराउची ऐका. १९६७ मध्ये त्याने बेथोव्हेनची पाचवी सिंफनीसुद्धा याच थाटात वाजवली. ऑस्ट्रेलियाच्या अटलांटिक्सचं 'बोंबोरा' (१९६३) जोरकस आहे. फिनलंडचे लाइका अँड द कॉस्मोनॉट्स मला सगळ्यांत जवळचे, कारण त्यांच्या संगीतात ऑर्गनही आहे. पेटीवाल्या माणसाला तो लगेच आपलासा वाटेल. पेरूचे लॉस मिर्लोस सर्फ नव्हेत, कुंबिया हे लॅटिन अमेरिकेतलं नाचाचं संगीत वाजवतात, पण गिटारचा ओलावा तोच.

आणि व्हॅन शिपलेंनी गिटारवर वाजवलेल्या हिंदी सिनेमाच्या धुना आवडत असतील, तर सँटो अँड जॉनीचं 'स्लीप वॉक' (१९५९) आज रात्रीच लावा. हेही सर्फ नव्हे. स्टील गिटार आहे, सूर मींडेत सरकतो, आणि जेमतेम अडीच मिनिटांत संपतं.