मदत हवी आहे: प्राध्यापकांच्या वांशिक शेरेबाजीविरुद्ध तक्रार

माझी वर्गमैत्रीण नागालँडची, अनुसूचित जमातीची. गोव्यात आम्ही एम.ए. करतो. तिच्या संमतीने लिहितेय.

एक प्राध्यापक हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबतात आणि ‘चायना, आहेस ना?’ म्हणतात. वर्ग हसतो. मागे तिने प्रेझेंटेशन संपवलं, तर विषयावर एक शब्द नाही. ‘तुमच्याकडे कुत्रा कसा शिजवतात?’ हाच प्रश्न. चवथीच्या सुट्टीनंतर तर ती त्या तासाला बसेनाशी झालीय.

विभागप्रमुखांना भेटलो. ‘मस्करी असेल, मनावर घेऊ नका.’ नंतर ईमेल केला, उत्तर नाही. रेकॉर्डिंग नाही, पण तारखांसह नोंदी आहेत आणि आम्ही काही जणी साक्ष द्यायला तयार आहोत. पोलिसांत जायचं तिच्या मनात नाही.

यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, पुढे विद्यापीठाच्या लोकपालांकडे (ओम्बड्सपर्सन) अपील करता येतं, एवढं वाचलंय. अडचण अशी की अंतर्गत गुण त्याच प्राध्यापकांच्या हातात आहेत.

अशी तक्रार कोणी केली आहे का? तक्रारीतच तिचे पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे देण्याची मागणी करता येते का, की गुण लागेपर्यंत थांबावं?